दारू सोडायचीय, पण एकट्याने जमत नाही? देऊळघाटसारख्या गावातून ‘ए.ए.’च्या ग्रुपपर्यंत असं पोचता येतं

घरातलं कुणी दारूच्या पार आहारी गेलं की गावाकडे उपायांचा क्रम ठरलेला असतो. आधी शपथ. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, नाहीतर देवासमोर. ती मोडली की माळ. मग सैलानीला किंवा आणखी कुठल्या बाबाकडे नेऊन आणणं. मग पेपरातल्या जाहिरातीतली पुडी. शेवटी उसनेपासने करून एखादं व्यसनमुक्ती केंद्र. महिनाभराने माणूस घरी येतो, चेहरा भरलेला असतो, भूक लागते, झोप लागते. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आणि पंधरा-वीस दिवसांत कुणाच्या तरी लग्नाची वरात निघते.

अडतं ते इथेच. दारू शरीरातून आठवडाभरात निघून जाते. पण घरी आल्यावर तोच पार, तेच मित्र, तीच कर्जाची कटकट आणि संध्याकाळी सहाला मोकळा पडणारा तोच वेळ. त्या सहा वाजताच्या वेळेचं काय करायचं, याचं उत्तर शपथेत नसतं आणि गोळीतही नसतं. ज्यांनी स्वतः हे भोगलंय आणि आज पीत नाहीत, अशा माणसांमध्ये जाऊन बसणं हे त्याचं एक उत्तर आहे. जगभर गेली ९० वर्षं ते चालू आहे. त्यालाच सपोर्ट ग्रुप किंवा मदतगट म्हणतात. दारूसाठी त्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात पसरलेला म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, बोलीत ‘ए.ए.’.

बुलढाणा शहराजवळच्या देऊळघाटसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला हा ग्रुप शोधायचा असेल, तर सुरुवात कुठून करायची? पहिल्या दिवशी तिथे काय होतं? पैसे किती लागतात? गावात कळलं तर? एकेक करून बघूया.

हे प्रकरण सुरू कसं झालं?

ए.ए.ची गोष्टच मुळात ‘ग्रुप शोधण्या’ची आहे. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात आला होता. काम फिसकटलं. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याला कळून चुकलं, की आत्ता कुणा पिणाऱ्या माणसाशी बोललो नाही तर आपण बारमध्ये जाणार. त्याने तिथल्या चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली आणि मला एखाद्या दारुड्याची गाठ घालून द्या, अशी विनंती करत सुटला.

त्यातून त्याची भेट डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी झाली. डॉक्टर फक्त पंधरा मिनिटं बसायच्या बोलीवर आले होते. दोघं कित्येक तास बोलत बसले. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ ला शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो. त्या दिवशी त्यांना जे कळलं ते साधं होतं. पिणाऱ्याला बायकोचं, बापाचं, डॉक्टरचं ऐकू येत नाही, पण दुसऱ्या पिणाऱ्याचं ऐकू येतं. आणि सांगणाऱ्याचीही त्या दिवसापुरती दारू सुटते.

भारतात ए.ए. १९५७ मध्ये सुरू झाली. आज तिचं देशपातळीवरचं कार्यालय मुंबईत आहे आणि महाराष्ट्रातल्या शहरांत व अनेक तालुक्यांच्या गावांत मराठीतून मीटिंग चालतात.

मराठी माणसाला या विषयात आधी आठवतं ते पुण्याचं मुक्तांगण. अनिल अवचट यांनी ब्राउन शुगरच्या व्यसनावर लिहिलेली ‘गर्द’ ही लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र उभं केलं. मुक्तांगण हे उपचार केंद्र आहे, ए.ए. हा उपचार नाही. पण मुक्तांगणनेही एक गोष्ट लवकर ओळखली. केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाला नंतरच्या बैठका लागतात. म्हणून त्यांच्या पाठपुराव्याच्या सभा असतात आणि व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांमध्ये एकेकाळचे रुग्ण बरेच आहेत, हेही लक्षात घेण्यासारखं.

आणि माळ? माळ घालून दारू सुटलेली माणसं विदर्भात गावोगाव आहेत, ते काही खोटं नाही. पण ज्यांची सुटली त्यांच्याकडे नीट पाहिलं तर माळेसोबत संध्याकाळचा हरिपाठ आला, एकादशी आली, दिंडी आली आणि बसण्या-उठण्यातली माणसं बदलली. म्हणजे तोही एक ग्रुपच झाला. नुसती माळ गळ्यात आणि संध्याकाळ जुन्याच अड्ड्यावर, असं ज्यांचं झालं त्यांची माळ खुंटीवर गेली.

आधी डॉक्टर की आधी मीटिंग?

ग्रुप शोधण्याआधी हा भाग वाचा, कारण इथे चूक झाली तर जीव जाऊ शकतो.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका झटक्यात दारू बंद केली तर शरीर बिथरतं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, कुणी हाका मारतंय असं वाटतं, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. याला डॉक्टर ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. गावात याच अवस्थेला ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात आणि माणसाला दवाखान्याऐवजी भलतीकडेच नेलं जातं. ते बाहेरचं नसतं. ती वैद्यकीय इमर्जन्सी असते. १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि दवाखाना गाठायचा.

म्हणून ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घोट लागतो, ज्याला आधी कधी फिट आलीय, जो रोज पितोय आणि जेवण सुटलंय, त्याने आधी डॉक्टर गाठावा. बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची सोय असते. केसपेपर काढून ‘दारू सोडायचीय’ एवढं सांगितलं तरी पुरतं. पहिल्या आठवड्यात डॉक्टर थरथर आणि फिट टाळणारी औषधं देतात, ब-१ जीवनसत्त्व देतात, गरज पडली तर भरती करून घेतात. त्या औषधांची चिठ्ठी शेजाऱ्याला देऊ नये आणि शेजाऱ्याची आपण घेऊ नये.

आता त्या पुडीविषयी. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवरून आता फेसबुकवर आल्यात. दारूची ॲलर्जी आणणारं डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्यावर आणि हृदय-यकृत तपासून दिलं जातं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी मृत्यूही होतो. भाजीत कालवून असं काही दिलं, तर त्या माणसाला आपण काय खाल्लंय हेच ठाऊक नसतं आणि तो नेहमीसारखा पितो. पुडीत नेमकं काय आहे हे विकणाराही सांगत नाही. आईने किंवा बायकोने जीव तुटून केलेला हा उपाय उलटा पडू शकतो. करू नका.

केंद्रात भरती करायची वेळ आलीच, तर एक प्रश्न आधी विचारायचा. केंद्राची नोंदणी आहे का, आणि कागद बघायला मिळेल का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारूच्या व्यसनातून आलेल्या मानसिक अवस्थांनाही लागू आहे आणि या कायद्याने माणसाला साखळीने बांधून ठेवायला बंदी आहे. रात्री गाडी पाठवून ‘उचलून’ नेऊ, महिनाभर भेटू देणार नाही, फोन देणार नाही, असं कुणी सांगत असेल तर ते केंद्र सोडून द्यावं.

ग्रुप शोधायचा कसा?

ए.ए.च्या मीटिंग कुठे, कुठल्या वारी, किती वाजता हे बदलत राहतं. शाळेचा वर्ग मिळेनासा झाला की जागा बदलते, सोयाबीन काढणीच्या दिवसांत वेळ मागेपुढे होते. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारी दोन वर्षं जुनी यादी धरून एसटीत बसू नये. आधी फोन, मग प्रवास.

पहिला फोन १४४४६ ला करता येतो. केंद्र सरकारची ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. जवळचं केंद्र, समुपदेशन आणि सल्ला त्यावर मिळतो. मन फार खचलं असेल, जगणंच नको वाटत असेल तर १४४१६. ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीतून बोलता येतं. फोन स्वतः पिणाऱ्यानेच केला पाहिजे असं नाही. भाऊ, बायको, मुलगी कुणीही करू शकतं.

दुसरा रस्ता थेट ए.ए.चा. ए.ए.च्या भारतातल्या जनरल सर्व्हिस ऑफिसचं संकेतस्थळ आहे, तिथे संपर्क मिळतात. संस्थेची रचना अशी की गावोगावच्या ग्रुपांना जोडणारी ‘इंटरग्रुप’ नावाची कार्यालयं असतात. तिथे फोन करून ‘मी बुलढाण्याजवळ राहतो, माझ्या सगळ्यात जवळ कुठे मीटिंग होते?’ एवढंच विचारायचं. फोन उचलणारा माणूस पगारी नोकर असेलच असं नाही. बहुतेकदा तो स्वतःच दारूतून बाहेर आलेला असतो. त्यामुळे लाजत-अडखळत बोललं तरी त्याला कळतं. पुष्कळदा तो म्हणतो, अमुक दिवशी स्टँडवर उतरा, आमचा एक माणूस घ्यायला येईल. ए.ए.त याला बाराव्या पायरीचं काम म्हणतात आणि ते करणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो, त्यामुळे आपण कुणावर ओझं टाकतोय असं मनात आणायचं कारण नाही.

तिसरा रस्ता गावातूनच जातो. आशाताई, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि जिल्हा रुग्णालयातला समुपदेशक यांना विचारता येतं. समुपदेशकाला तर हमखास विचारावं, कारण आधीचे पेशंट कुठे जातात हे त्याच्या कानावर असतं.

देऊळघाटकरांसाठी बुलढाणा शहर हेच साहजिक पहिलं ठिकाण. रोजचं येणं-जाणं तिकडेच. मात्र कुठेही जायचं ठरलं तरी आधी परतीची गाडी बघून ठेवायची. मीटिंग सहसा संध्याकाळी असते, तास-दीड तास चालते आणि शेवटची एसटी किंवा काळी-पिवळी हुकली तर दारू सोडायला निघालेला माणूस रात्री स्टँडवर एकटाच उरतो. नव्या माणसासाठी यापेक्षा वाईट जागा नाही. सोबत कुणी मोटारसायकलवाला असेल तर उत्तमच. काहींना उलट आपल्या तालुक्यातल्या मीटिंगला जायचंच नसतं, ओळखीचं कुणी भेटेल म्हणून. ते अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरात जातात. पहिल्या एक-दोन वेळा हे ठीक आहे. पण दर आठवड्याला एवढा प्रवास आणि बुडालेली मजुरी कुणालाच परवडत नाही. जवळचा ग्रुप साधा असला तरी टिकतो, लांबचा चांगला असून सुटतो.

प्रवास जमतच नसेल तर कोविडच्या काळापासून ऑनलाइन मीटिंग रुळल्यात, मराठी-हिंदीतल्याही. कॅमेरा बंद ठेवून, नाव बदलून नुसतं ऐकता येतं. अडचण एकच, खेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात अशी मीटिंग ऐकायला जागा कुठून आणायची? शेतात, नाहीतर गच्चीवर, इयरफोन लावून. असं करणारे असतात.

पहिल्या दिवशी आत काय होतं?

खोली साधीच असते. शाळेचा वर्ग, चर्चचा किंवा समाजमंदिराचा हॉल, कधी दवाखान्याची वरची खोली. खुर्च्या, नाहीतर सतरंजी. बहुतेकदा चहा. भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता. आत शिरणाऱ्याला वाटतं सगळे आपल्याकडेच बघतायत. खरं तर बघतही असतात, पण त्यातल्या प्रत्येकाला स्वतःचा पहिला दिवस आठवत असतो.

फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, फी नाही. ए.ए.चं सभासद व्हायला अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. सुटलेली असायला हवी असंही नाही. शेवटी एक टोपी किंवा डबा फिरतो, ज्याला जमेल तो पाच-दहा रुपये टाकतो. त्यातून चहा आणि खोलीचं भाडं निघतं. पहिल्यांदा आलेल्याने काही टाकावं अशी अपेक्षा नसते. ए.ए. बाहेरच्या कुणाकडून देणगी घेत नाही, आमदाराकडूनही नाही आणि कंपनीकडूनही नाही. त्यामुळे ‘यामागे कुणाचा तरी फायदा असेल’ या गावच्या नेहमीच्या शंकेला इथे फारशी जागा राहत नाही.

मीटिंग दोन तऱ्हेच्या असतात. ‘ओपन’ मीटिंगला घरचे, मित्र, डॉक्टर, नुसतं कुतूहल असलेला माणूस, कुणीही बसू शकतं. ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारूची अडचण आहे त्यांच्यासाठी. बायकोला किंवा भावाला सोबत आणायचं असेल तर फोनवरच विचारून घ्यायचं, ओपन कधी असते. नाहीतर तो बिचारा बाहेर ताटकळत बसतो.

सुरुवातीला संस्थेची ओळख वाचली जाते, मग एकेक जण बोलतो. ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे.’ पुढे तो स्वतःची गोष्ट सांगतो. बैलजोडी कशी विकली, मुलीच्या बारशाला कुठे पडलो होतो, आज किती दिवस झाले. यात एक शिस्त पाळली जाते. कुणी कुणाला मध्ये तोडत नाही, कुणी कुणाला उपदेश करत नाही. ‘तू असं करायला पाहिजे होतंस’ हे वाक्य तिथे ऐकू येत नाही. घरीदारी, पंचायतीत, पोलीस ठाण्यात ज्याला फक्त हेच वाक्य ऐकायला मिळालंय, त्याला ही शांतता आधी विचित्र वाटते.

बोललंच पाहिजे असं नाही. ‘मी आज फक्त ऐकायला आलोय’ म्हटलं की पुरतं. दारूचा वास येत असताना गेलं तरी चालतं का? चालतं. गडबड केली नाही तर सहसा कुणी बाहेर काढत नाही, फक्त त्या दिवशी बोलू नका, ऐका, असं सांगतात.

बारा पायऱ्या पहिल्या दिवशी कळत नाहीत, कळायची गरजही नाही. पहिली पायरी दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करण्याची आहे. पुढच्या पायऱ्यांमध्ये आपल्या वागण्याचा हिशोब मांडणं, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं, आणि शेवटी दुसऱ्या पिणाऱ्याला मदत करणं येतं. काही आठवड्यांनी माणूस एखाद्या जुन्या सभासदाला ‘स्पॉन्सर’ करतो. मराठीत ‘पुरस्कर्ता’ वगैरे म्हणण्यापेक्षा वाटाड्या म्हटलेलं बरं. त्याचा नंबर फोनमध्ये ठेवायचा आणि तलफ आली की प्यायच्या आधी लावायचा. प्यायल्यावर नाही. तलफ बहुतेकदा थोड्या वेळात ओसरते, आणि तेवढा वेळ कुणाशी तरी बोलण्यात निघून जातो.

नव्या माणसाला सांगतात ते ‘फक्त आजचा दिवस’. जन्मभराची शपथ घालत नाहीत. उद्या पोळ्याची कर आहे, परवा मामाच्या पोराची हळद आहे, पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक आहे आणि संध्याकाळी पेट्या उतरणार आहेत, या सगळ्याचा विचार आज करायचा नाही. त्या त्या दिवशी करायचा.

देवाधर्माचं काय?

पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो, पण ‘आपल्याला समजेल तसा’ असं त्याला जोडलेलं आहे. कुणी पांडुरंग समजतं, कुणी अल्लाह, कुणी ग्रुपलाच ती शक्ती मानतं. देव न मानणारेही येतात. शेवटी सगळे उभं राहून एक छोटी प्रार्थना म्हणतात, ज्याला म्हणायची नाही तो नुसता उभा राहतो. संस्था कुठल्याही धर्माशी, पक्षाशी जोडलेली नाही.

इथे आणखी एक घोळ नेहमी होतो. दारूबंदीची चळवळ आणि ए.ए. या दोन वेगळ्या गोष्टी. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. यावर ए.ए. काहीच मत देत नाही. दुकान चालू ठेवा म्हणत नाही, बंद करा म्हणत नाही. गंमत म्हणजे बंदी असलेल्या गडचिरोलीतही २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाला गावपातळीवर व्यसन उपचाराची शिबिरं आणि क्लिनिक चालवावी लागली. दुकान बंद झालं म्हणून आधीच जडलेलं व्यसन बंद होत नाही.

गावात कळलं तर?

संस्थेच्या नावातच अनामिकता आहे. तिथे आडनाव विचारत नाहीत. कोण आलं होतं, काय बोललं, हे बाहेर सांगायचं नाही हा नियम आहे. हा नियम कायद्याचा नाही, भरवशाचा आहे. पण तो पाळला जातो याचं एक साधं कारण आहे. ज्याने तुम्हाला तिथे पाहिलं, त्याला तुम्हीही तिथे पाहिलेलं असतं.

अनामिकता दुसऱ्या अंगानेही पाळायची. ग्रुपमध्ये सेल्फी नाही, स्टेटस नाही, रील नाही. ‘३० दिवस पूर्ण’ हे स्वतःपुरतं स्टेटसला टाकावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण फोटोत शेजारचा येता कामा नये.

आणि खरं सांगायचं तर देऊळघाटएवढ्या गावात कोण पितं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. लपवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. लाज वाटते ती पिण्याची नाही, मदत मागण्याची.

हे वाक्य मात्र बाईला लागू पडत नाही. पिणाऱ्या पुरुषाला गाव हसतं, पिणाऱ्या बाईला गाव जगू देत नाही. त्यामुळे बायकांनी आधी हेल्पलाइनवरून किंवा ऑनलाइन मीटिंगमधून सुरुवात केलेली बरी. मुंबई-पुण्यात बायकांच्या वेगळ्या मीटिंग होतात, आणि मुक्तांगणचा ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे.

तो यायला तयारच नाही, मग घरच्यांनी काय करायचं?

मग घरच्यांनी स्वतः जायचं. व्यसनी माणसांच्या नातेवाइकांसाठी ‘अल-अनॉन’ नावाची वेगळी संघटना आहे. ती १९५१ मध्ये बिल विल्सन यांची बायको लोइस हिने दुसऱ्या एका सभासदाच्या बायकोसोबत उभी केली. नवरा पितोय की सोडलीय याच्याशी तिथल्या प्रवेशाचा संबंध नाही. तिथे नवऱ्याची दारू सोडवायची युक्ती शिकवत नाहीत. त्याच्या उधाऱ्या भागवणं, कामावर ‘त्याला ताप आलाय’ म्हणून फोन करणं, बाटल्या शोधून ओतणं हे सगळं थांबवून आपलं आणि लेकरांचं आयुष्य कसं सावरायचं, यावर बोलणं होतं. पुष्कळदा घरातला हा बदल बघूनच पिणारा हलतो. कधी हलतही नाही.

मारहाण होत असेल तर कुठल्याही ग्रुपची वाट बघायची नाही. ११२ किंवा महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन.

उपयोग होतो का?

आधी प्रश्नाचा आकार. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या सर्वेक्षणानुसार देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींना दारूमुळे उपचारांची किंवा मदतीची गरज आहे. व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाने कसलीतरी मदत मिळाल्याचं सांगितलं. उरलेले ३७ शपथ, माळ आणि पुडी यांच्यातच फिरत राहतात, असं म्हणायला हरकत नाही.

ए.ए.विषयी बरीच वर्षं ‘हे शास्त्रीय नाही’ असं बोललं जायचं. २०२० मध्ये कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र तपासली. ज्यांना पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवलं होतं, त्यातले सुमारे ४२ टक्के वर्षभराने पूर्ण दारूमुक्त होते. इतर समुपदेशन पद्धतींमध्ये हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होतं. यातले अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले, त्यामुळे आकडे जसेच्या तसे बुलढाण्याला लावू नयेत. पण एवढं दिसतं, की फुकटात मिळणारी ही गोष्ट महागड्या उपचारांपेक्षा कमी पडत नाही. आणि ४२ टक्के म्हणजे ५८ टक्के नाहीत, हेही दिसतं.

म्हणून ‘स्लिप’, म्हणजे पुन्हा एकदा पिणं, हे ग्रुपमध्ये नवलाचं नसतं. पिऊन पुन्हा आलेल्याला कुणी ‘परत का आलास’ विचारत नाही. धोका पिण्यापेक्षा न परतण्यात असतो, कारण लाजेने माणूस मीटिंग सोडतो आणि मग पुढची दोन वर्षं जातात. सुरुवातीच्या ९० दिवसांत ९० मीटिंग करा असा ए.ए.त प्रघात आहे. गावातून ते अशक्य. आठवड्यातून एक प्रत्यक्ष आणि बाकी दिवशी ऑनलाइन किंवा स्पॉन्सरला फोन, असं गणित बसवता येतं. डॉक्टरांची औषधं चालू असतील तर ग्रुपमध्ये कुणी सांगितलं म्हणून बंद करायची नाहीत. ए.ए. औषधोपचारात लक्ष घालत नाही, एखादा सभासद घालत असेल तर ते त्याचं वैयक्तिक मत समजावं.

जवळपास ग्रुप नाहीच सापडला तर?

तर दोन माणसं पुरतात. ए.ए.च्या परंपरेनुसार दारूमुक्त राहण्यासाठी एकत्र बसलेली दोन-तीन माणसं स्वतःला ग्रुप म्हणवू शकतात, फक्त त्यांनी दुसऱ्या कुठल्या संस्थेचा किंवा पक्षाचा झेंडा जोडायचा नाही. परवानगी लागत नाही, उद्घाटन लागत नाही, फ्लेक्स तर अजिबात नाही. मुंबईच्या कार्यालयाला किंवा जवळच्या इंटरग्रुपला कळवलं की मराठीतली पुस्तकं आणि मीटिंग कशी चालवायची याची माहिती मिळते, पुष्कळदा दुसऱ्या गावचे जुने सभासद पहिले काही आठवडे येऊन बसतात.

शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा आरोग्य केंद्रात विचारून आठवड्यातून एक दिवस, एक ठरलेली वेळ, एक खोली एवढं मिळवायचं. वेळ संध्याकाळची, साधारण सहा-सातची ठेवायची, कारण अड्डाही तेव्हाच भरतो. पहिले दोन महिने कदाचित दोघंच असतील. तरी वार आणि वेळ बदलायची नाही. तिसरा माणूस येतो तेव्हा तो आधी दोन-चार वेळा बाहेरून चक्कर मारून गेलेला असतो, आणि त्या दिवशी खोलीला कुलूप दिसलं तर तो परत येत नाही.